चाळीस निरोगी बायका

पुणे, १४ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मदीप,

जय भीम.

तुझा फोन माझ्या नंबरावरून लागत नाही, शेजारच्या बुद्धभूषणच्या नंबरावरून मात्र पहिल्या रिंगला लागतो. तेव्हा फोन बिघडलाय असं समजून घेण्याची सोय राहिली नाही. सहा वर्षं झाली, सवय झाली. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. पाकिटावर लाल पेनाने 'खासगी' लिहिलंय आणि पाठवणाऱ्याचं नाव टाकलेलं नाही. तुझी अडचण व्हायला नको.

आज तुमच्या निरामय न्यासाचं पत्र आलं. वस्तीतल्या दवाखान्याच्या नावे, म्हणजे मलाच. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यापासून इथे टपाल घ्यायला, फरशी पुसायला आणि बीपी मोजायला मीच असते. पत्र चांगल्या जाड कागदावर आहे. त्यात म्हटलंय, 'ऑक्टोबरमधील पाहणीत वस्तीतील चाळीस महिलांची तपासणी केली असता त्यांचे आरोग्य समाधानकारक आढळले. सबब, ३१ मार्चनंतर आरोग्य केंद्राचे साहाय्य अधिक गरजू वस्तीकडे वळवण्यात येत आहे.' खाली सही: दीप, कार्यक्रम प्रमुख. आईनं ठेवलेलं नाव तू अर्ध्यात कापलंस हे ठाऊक होतं. आडनावही सोडलंस हे आज कळलं.

समाधानकारक! हा शब्द कुणाला सुचला रे? आपल्या वस्तीतल्या दोनशे बायका पहाटे ढकलगाड्या घेऊन बाहेर पडतात, सोसायट्यांचा कचरा गोळा करतात आणि दुपारी कालव्याच्या भिंतीला बसून तो हातानं निवडतात. डायपर, फुटक्या बाटल्या, रंगाचे डबे, कसली कसली पावडर. त्यांच्या छातीत तुम्हाला समाधान कुठे दिसलं ते मलाही दाखवा.

तू विसरला असशील म्हणून लिहिते, त्या बायकांत एक द्वारकामावशी आहे. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास आणि मी सोलापूरला नर्सिंग शिकत होते. या बाईनं तुला कडेवर घेऊन कचरा वेचला, तुला शाळेत घातलं, तुझ्या डब्यात अंडं दिलं आणि स्वतः चटणी-भाकरी खाल्ली. आता ती चार पावलं चालली की भिंत धरते. फुंकायच्या मशीनवर तिचा आकडा माझ्या निम्मादेखील येत नाही. आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात, तिच्या छातीला नळी लावतात, पंप देतात, त्यावर ती उभी आहे. मोठ्या हॉस्पिटलात ती जात नाही. एकदा नेलं होतं, तिथला वॉचमन तिला म्हणाला, 'मागच्या दारानं या, कचरा तिकडून नेतात.' त्यानंतर तिनं हॉस्पिटलचं नाव काढू दिलेलं नाही. दवाखाना बंद झाला तर ती हातातला पंप संपेपर्यंत ओढेल आणि मग नुसती बसून राहील. मी तिला ओळखते. तूही ओळखायचास.

तो अहवाल परत वाच, एवढंच म्हणणं आहे. भाऊ म्हणून नको, कार्यक्रम प्रमुख म्हणून वाच.

मुक्ताई


पुणे, ३ डिसेंबर २०२४

चि. धम्मदीप,

उत्तर नाही. बरं आहे, तुमच्या न्यासाचा जाड कागद वाया गेला नाही.

मी त्या पाहणीचा दिवस परत परत आठवते आणि परत परत चिडते. तुम्ही पांढऱ्या गाडीतून उतरलात. तू, तुमच्या अध्यक्ष प्रियदर्शनी मॅडम, एक डॉक्टर, आणि फोटो काढणारी ती तुझी असिस्टंट मुलगी, श्रद्धा. तू माझ्याकडे बघून म्हणालास, 'मॅडम, सुरुवात करायची का?' मॅडम! तुझा शेंबूड या पदरानं पुसलाय रे. मीही म्हणाले, 'या सर.' ते म्हणताना मला काहीच झालं नाही असं समजू नकोस.

बायका नटून आल्या होत्या, त्यात कुणाचा काय दोष? पाहुणे येणार म्हटल्यावर मळक्या कपड्यात कोण उभं राहतं? चाळीसच्या चाळीस जरीकाठाच्या साड्या, डोक्यात गजरे, गल्ली धुतलेली, विहाराच्या पायरीवर रांगोळी. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, 'किती नीटनेटक्या आहात तुम्ही सगळ्या! मला तर वेगळंच काही वाटलं होतं.' काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाई वाईट नाहीत. खाली बसल्या, शिरा संपवला, आमच्या माठातलं पाणी प्यायल्या. हे लिहावं लागतं याची मला चीड येते. पण आपल्याकडे आलेला माणूस माठातलं पाणी पितो की पिशवीतून बाटली काढतो, याच्याकडे माझं अजून लक्ष जातं. तुझी बाटली बॅगेत होती, बाहेरून दिसत होती.

डॉक्टरांनी चाळीस जणींचं बीपी घेतलं, छाती तपासली, मशीनमध्ये फुंकायला लावलं. सगळ्या पास. जाताना ते माझं अभिनंदन करून गेले.

त्यांचं मी समजू शकते. मॅडम सदाशिव पेठेत वाढल्या, डॉक्टर कुठून तरी आलेले, त्यांना वस्ती काय माहीत? तू इथे वाढलास. आपल्याकडे दहा बायका एकत्र बसल्या तर खोकण्यामुळे बोलणं अर्धंच ऐकू येतं. इथे चाळीस बायका रांगेत उभ्या आणि एकीलाही ठसका नाही, हे तुला चमत्कारिक वाटलं नाही? ते फसले. तू कसा फसलास?

तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर म्हणे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आरोग्यात समता'. कधी वेळ मिळाला तर वाचून बघ.

मुक्ताई


पुणे, ६ जानेवारी २०२५

चि. धम्मदीप,

डिसेंबरच्या थंडीत मावशीला दोनदा जोराचा अॅटॅक आला. दुसऱ्या वेळी ओठ निळे पडले होते. त्या दिवशी डॉक्टर यायचा वार होता म्हणून निभावलं. एप्रिलमध्ये असा कुठलाच वार नसेल. डॉक्टर गेल्यावर मी तिच्या शेजारी बसून होते आणि मला माझी लाज वाटली. म्हणून आता खरं लिहिते.

मागच्या पत्रात मी लपवलं. लिहिलं ते सगळं घडलं होतं, फक्त त्यात मी कुठे होते ते लिहिलं नव्हतं.

त्या चाळीस बायका मी निवडल्या. पाहणीच्या आधी आठ दिवस दारोदार फिरून, एकेकीला बघून निवडल्या. पस्तिशीच्या आतल्या, दोन तर नव्या नवऱ्या. चार जणी कचरा वेचतच नाहीत, एक पार्लरमध्ये आहे, तिघी पोळ्या लाटायला जातात. सगळ्यांना सांगितलं की ठेवणीतली साडी नेसा. ज्या खोकतात त्यांना सांगितलं की त्या दिवशी तुम्ही घरातच बसा.

का केलं विचारशील. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. वरून साहेब येणार म्हटलं की आम्ही पडदे धुवायचो, बाटल्या ओळीत लावायचो आणि जास्त आजारी पेशंटला 'उद्या या' म्हणायचो. साहेबाला पेशंट बरा दिसला तर दवाखाना चांगला, आजारी दिसला तर नर्सला मेमो. माझ्या हाडात तेच भिनलेलं. मला वाटलं, एवढ्या धडधाकट बायका बघून न्यास खूश होईल. म्हणेल, मुक्ताईनं काय काम केलंय, हिला रोजचा डॉक्टर द्या. मी इतकी शहाणी! परीक्षेत पहिला नंबर आणला आणि शाळा बंद करून घेतली.

आणि दुसरं कारण आई. तू लहान होतास, तुला हे कुणी सांगितलं नसेल.

आईला ताप आणि खोकला होता. ती कामावरून तशीच दवाखान्यात गेली, अंगाला कचऱ्याचा वास. डॉक्टर खुर्चीतून म्हणाला, 'दारातच थांबा, काय होतंय ते तिथून सांगा.' खोकल्याचं औषध लिहून दिलं. पंधरा दिवसांनी परत गेली, परत दारातच. तिसऱ्यांदाही तेच. मग द्वारकामावशीनं स्वतःचं हिरवं लुगडं तिला नेसवलं, तोंड धुवायला लावलं, केसांना तेल लावलं आणि दुसऱ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं तिला 'बसा' म्हटलं, छातीला नळी लावली आणि विचारलं, 'इतके दिवस कुठे होतात?' तीच बाई, तीच छाती, फक्त लुगडं बदललेलं. पण तोवर उशीर झाला होता. ती दोन महिने जगली.

तेव्हापासून आपल्या वस्तीत कुणीही डॉक्टरकडे मळक्या कपड्यात जात नाही. ताप एकशे तीन असला तरी आधी अंघोळ. हे मी शिकवलंय सगळ्यांना, चाळीस वर्षं. डॉक्टरनं हात लावावा म्हणून.

आता सगळ्यात वाईट. त्या दिवशी मावशी दवाखान्याच्या मागच्या खोलीत होती. मीच बसवलं. ती म्हणाली, 'पोरगं येनार हाय ना? लांबून तरी बघू दे की.' मी म्हटलं, तू खोकशील. 'न्हाई खोकत,' म्हणाली. पदराचा बोळा करून दातात धरला आणि भिंतीला टेकून बसली. मी बाहेरून कडी लावली. दीड तास ती आत होती.

तुम्ही औषधाचं कपाट बघायला त्या बाजूला गेलात तेव्हा आतून आवाज आला. एकदाच, दाबलेला. मॅडम पुढे होत्या, त्यांनी ऐकला नाही. तू थांबलास. कडीकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घातली. आणि तू पुढे गेलास.

म्हणजे तू फसला नव्हतास. तो खोकला तुला ओळखू आला होता. पण तसं म्हणाला असतास तर कसा ओळखतोस तेही सांगावं लागलं असतं. माझा सगळा राग त्या थांबण्यावर आहे. तुला काहीच कळलं नसतं तर मी सोडून दिलं असतं.

पण कडी मी लावली आणि सही तू केलीस. दोघांनी मिळून तिला आत कोंडलंय.

आता लिहितेच आहे तर सहा वर्षांपूर्वीच्या तुझ्या घरभरणीचंही लिहिते. तू मावशीला बोलावलं नव्हतंस आणि मला 'ओळखीच्या नर्सबाई' म्हणून बोलावलंस. मी तुझ्या सासरच्या माणसांसमोर ओरडले, 'याला कचरा वेचणाऱ्या बाईनं वाढवलंय, विचारा याला!' वाक्य खरं होतं, पण मी ते तुला दगडासारखं फेकून मारलं. मावशीनं जन्मभर केलेल्या कामाची मी शिवी केली. त्याबद्दल मला वाईट वाटतं. तू तिला बोलावलं नाहीस याचा राग अजून तसाच आहे, तो गेलाय असं समजू नकोस.

तुझी ताई


पुणे, १४ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदीप,

पत्राला उत्तर आलं नाही, श्रद्धा आली. दुपारी तीन वाजता, स्कूटरवर, न कळवता.

मी म्हटलं, 'अहो मॅडम, आधी फोन नाही का करायचा?' ती म्हणाली, 'सरांनीच सांगितलं ना. तीन वाजता जा, directly कालव्याकडे जा आणि आधी inform करू नकोस. का ते नाही बोलले.' तू तिला कारण सांगितलं नसलंस तरी मला समजलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगू, मला आधी संतापच आला. तुला स्वतःला यायला काय झालं होतं?

तीनला बायका कचरा निवडत बसलेल्या. गुडघ्यापर्यंत साड्या खोचलेल्या, तोंडाला फडकं, भोवती माश्या. मी धावत पुढे गेले, म्हटलं, उठा, साड्या बदला, न्यासाची बाई आलीय. सगळ्या उठायला लागल्या. मावशी तेवढी बसून राहिली. म्हणाली, 'बस गं मुक्ते. ती पोरगी खाली मांडी घालून बसलीया, अन् आपण का उठायचं?' बघते तर श्रद्धा खरोखर पोत्यावर बसलेली. तोंडाला रुमाल लावावा असं तिच्या मनात येत होतं, हात दोनदा वर गेला, पण लावला नाही. पोरगी बरी आहे तुझी.

तिनं कुठलाही फॉर्म काढला नाही. तिनं विचारलं, 'तुम्हाला दवाखान्यात काय बदलायला हवंय?' दवाखाना सुरू झाल्यापासून दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. भंगारवाल्या रहीमभाईंची नाजिमा म्हणाली, 'पहिलं म्हणजे वेळ. तुमचा दवाखाना संध्याकाळी सहा ते सात, आणि नळाला पाणीही सहा ते सात. दवाखान्यात आलं तर घरात प्यायला पाणी नाही.' श्रद्धानं माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. खडकवासल्याचं पाणी आमच्या भिंतीपलीकडून दिवसभर वाहत असतं आणि आमच्या नळाला एक तास येतं, हे मला माहीत नसेल तर कुणाला असेल? पण देणाऱ्यानं दिलंय, त्याला वर वेळ बदला म्हणायची माझी जीभ झाली नाही. मग तुमच्या कागदावर लिहिलं गेलं, 'प्रतिसाद मध्यम'.

मावशीला विचारलं तर ती म्हणाली, 'डाक्टर कसला बी द्या, बाई. हात लावून बगनारा द्या.' श्रद्धाला ते नीटसं कळलं नाही. तिला आईची गोष्ट ठाऊक नाही. तुला आता ठाऊक आहे.

आणि नाजिमा शेवटी म्हणाली, 'जास्त गरजू कोण, हे तुम्ही तिकडे पेठेत बसून ठरवता. आमच्यातली एखादी बसू दे की त्या मीटिंगला.' श्रद्धा म्हणाली, २० मार्चला बोर्डाची मीटिंग आहे, पाच जणींसाठी वेळ मागून बघते. इथवर सगळं चांगलं होतं. मग निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, 'ताई, एक suggestion. येताना प्लीज नटून येऊ नका. आज जशा होतात ना, तशाच या. Impact पडेल.'

मी तिच्यावर ओरडले. तिचा दोष नव्हता, तरी ओरडले. म्हणजे आम्ही घाणेरड्या कपड्यात आलो तरच आजारी? जरीच्या साडीतल्या बाईला दमा होत नाही? आईला मळक्या लुगड्यामुळे कुणी हात लावला नाही आणि आम्हाला चांगल्या लुगड्यामुळे दवाखाना मिळत नाही. मग आम्ही नेसायचं तरी काय? तुमच्या त्या समतेत हे बसत असेल तर मला समजावून सांग. सगळ्या जगानं आमची छाती तपासायच्या आधी आमचे कपडे तपासलेत.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मला वाईट वाटलं आणि चहा केला. तिला सांग, मनात ठेवू नको म्हणावं.

तुझी ताई


पुणे, २३ मार्च २०२५

चि. धम्मदीप,

या वेळी पाकिटावर माझं पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट. 'खासगी' लिहिलेलं नाही.

२० तारखेला काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतास. पण तुझं लक्ष माझ्याकडे नव्हतं, म्हणून माझ्या बाजूनं लिहिते.

काय नेसायचं यावर आमचं तीन दिवस भांडण चाललं होतं. शेवट मावशीनं केला. म्हणाली, 'मी माज्या पोराच्या हापिसात चाल्लेय. चांगलंच नेसनार.' मग सगळ्यांनीच ठेवणीतल्या साड्या काढल्या. फक्त प्रत्येकीच्या हातात आपापला एक्सरे होता, त्या मोठ्या खाकी पाकिटात. ती अक्कल नाजिमाची.

आरोग्यावर काम करणाऱ्या न्यासाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे फक्त पुण्यातच होऊ शकतं. मावशीला बत्तीस पायऱ्या चढायला वीस मिनिटं लागली. तुमच्या शिपायानं मध्ये येऊन विचारलं, 'आजी, इथपर्यंत यायलाच हवं का? कागद द्या, मी वर देतो.' ती म्हणाली, 'छाती कागदात न्हाई ना रं.' आणि पुढची पायरी चढली.

आत गेल्यावर मी पहिल्यांदा ते सांगून टाकलं, की चाळीस बायका मी निवडल्या होत्या आणि आजारी बायका मी लपवल्या. वाटलं, नोकरीत कधी मेमो घेतला नाही आणि म्हातारपणी स्वतःच्या हातानं घेतेय. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, 'मुक्ताई, आम्ही मदत करायलाच आलो होतो. आमच्यापासून का लपवलंत?' त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना लागलं होतं. मी म्हणाले, 'मॅडम, तुम्ही तारीख कळवून बघायला आलात. बघायला येणाऱ्याला आम्ही कधीच खरं दाखवलेलं नाही. विचारायला आला असता तर सांगितलं असतं.' एक सूटवाले गृहस्थ म्हणाले, हा सरळसरळ विश्वासघात आहे, असे आकडे देणाऱ्यांना पुढे मदत कशी करायची? मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे संपलं.

आणि तेव्हा मावशीला उबळ आली.

मी तिच्या शेजारी होते, मला दिसत होतं. मान खाली गेली, खांदे आवळले आणि तिनं पदराचा बोळा केला. तोच बोळा. दातात धरला, डोळे मिटले, चेहरा लाल व्हायला लागला. तुझ्या ऑफिसात तुझी शोभा होऊ नये म्हणून ती श्वास कोंडून बसली होती. मी तिला धरायला उठणार तेवढ्यात तुझी खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

तू टेबलाला वळसा घालून आलास. खाली गुडघ्यावर बसलास. तिच्या तोंडातला पदर तू स्वतःच्या हातानं ओढून काढलास आणि म्हणालास, 'खोक, मावशे. इथं खोकायचं. दाबू नको.'

ती खोकली. केवढी खोकली! दीड तास कोंडलेलं, सहा वर्षं कोंडलेलं, सगळं बाहेर आलं. तुझा हात तिच्या पाठीवर होता आणि तो तू शेवटपर्यंत काढला नाहीस. त्या सूटवाल्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. स्वतःचाच होता, गडबडीत दुसरा सापडला नसेल. मॅडमनी विचारलं, 'दीप, तुम्ही ओळखता यांना?'

तू म्हणालास, 'यांनी मला वाढवलंय, मॅडम. कचरा वेचून. आणि या माझ्या थोरल्या बहीण. त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, तरी मी सही केली.'

मी फेकून मारलेलं वाक्य तू उचलून नीट जागेवर ठेवलंस. मी रडले नाही, मुद्दाम नाही रडले. घरी येऊन रडले.

आता भांडणाचं. न्यासानं निर्णय कळवला, दवाखाना एक वर्ष चालू राहील, वेळ दुपारी तीन, निवड आणि तपासणी आमच्या बायकांना विचारून. हे सगळं चांगलं आहे, आभार मान माझ्या वतीनं. पण एक वर्षच का? मावशीची छाती काय वर्षाच्या करारावर बिघडलीय? आणि नाजिमाला बोर्डावर घेतलंय ते 'निमंत्रित' म्हणून, मत नाही. म्हणजे तिनं बत्तीस पायऱ्या चढून चहा प्यायचा आणि उतरायचं. तुम्ही समता देता तीही अशी बेतानं. पुढच्या मीटिंगला मी यावर भांडणार आहे. तू टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतोस ते बघते.

शुक्रवारी तीन वाजता डॉक्टर आले. मावशी कालव्यावरून उठून तशीच आली, गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, हाताला काळं. दारात थांबली. चाळीस वर्षांची सवय. डॉक्टर म्हणाले, 'आत या, आजी,' आणि तिचा हात धरून तिला स्टुलावर बसवलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते तुलाही सांगायला हवं. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. औषध वेळेवर मिळालं तर काही वर्षं आहेत, नाही मिळालं तर नाहीत.

तेव्हापासून ती सारखी विचारते, 'पोरगं कवा येनार?' ती मीटिंगची साडी तिनं धुऊन, घडी घालून उशाशी ठेवलीय, तू येशील तेव्हा नेसायला. तू तारीख कळवलीस तर ती सकाळपासून ती नेसून, पदर तोंडात धरून, खोकला दाबून बसेल. मला ते आता बघवणार नाही.

म्हणून कळवू नकोस. एखाद्या दुपारी तीनला, न सांगता ये.

तुझी ताई